"तारेखाली हे लावलं कुणी?"

परवा सकाळी साडेनऊच्या सुमाराला रस्त्यावर करवतीचा आवाज आला आणि मी हातातला चहा तसाच ठेवून बाहेर गेलो. मान्सूनपूर्व कामं सुरू झालीत. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी होतात तशीच. झाडाला शिडी लावलेली, खाली एक जण दोरी धरून उभा, वर पंचविशीतला एक पोरगा, आणि समोर ऐन बहरातलं ताम्हण. बघता बघता जांभळ्या तुऱ्यांच्या फांद्या डांबरावर येऊन पडल्या. शेजारच्या काकू पूजेसाठी त्यातलेच तुरे वेचून परडीत टाकत होत्या.

मी सवयीनं मोबाईल काढला, दोन फोटो घेतले आणि वरच्या पोराला जरा आवाज चढवूनच विचारलं, "अरे, फुलात आलेलं झाड का तोडताय?"

तो चिडला नाही. घाम पुसत म्हणाला, "दादा, पावसात फांदी तारेला लागून रात्री लाईट गेली की तुम्हीच फोन करताय. तोडायला मलापण बरं वाटत नाही. पण तारेखाली हे लावलं कुणी?"

मी काही न बोलता घरात आलो. कारण लावलं कुणी, हे मला नीट ठाऊक होतं. ती बातमी मीच लिहिली होती.

जुन्या कात्रणांची फाईल काढली. साल २०१३, ५ जूनचा कार्यक्रम, आतल्या पानावर चार कॉलमची बातमी. फोटोत पाहुणे, पदाधिकारी, शाळेची मुलं आणि मध्ये एक हातभर रोप. 'मुख्य रस्ता फुलणार राज्यफुलानं' हे शीर्षक माझंच. एकवीस रोपं लावल्याचं बातमीत लिहिलंय. पाहुण्यांचं भाषण आहे, उपस्थितांची नावं आहेत. रोपांच्या डोक्यावरून विजेच्या तारा जातात, एवढं मात्र बातमीत कुठंच नाही. फोटोत तारा स्पष्ट दिसतात. मी काढलेल्या फोटोत दिसणारी गोष्ट मलाच दिसली नव्हती.

संध्याकाळी चालत जाऊन मोजलं. एकवीसपैकी नऊ झाडं आहेत. त्यातली सहा तारांखाली. या सहांची अवस्था म्हणजे जाड खोड, वर मुठी वळल्यासारख्या गाठी आणि त्या गाठींतून फुटलेल्या छडीसारख्या काटक्या. दरवर्षी वाढायचं आणि दरवर्षी मे महिन्यात मान कापून घ्यायची. पत्रकारितेची पदविका करताना आमचे सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "बातमी छापली म्हणजे काम संपलं नाही, फॉलोअप करा." या बातमीचा फॉलोअप मी बारा वर्षांत एकदाही केला नाही. आज तो करतोय.

आधी ताम्हणाबद्दल. आपलं राज्यफूल ताम्हण आहे हे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना पाठ असतं. शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, आंबा राज्यवृक्ष, ताम्हण राज्यफूल. पण "ताम्हण दाखव" म्हटलं तर निम्मी पोरं देवघरातलं तांब्याचं भांडं आणून दाखवतील. त्यांची चूक नाही, आपण त्यांना झाड दाखवलंच नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या ओल्या पट्ट्यात, ओढ्याकाठी, नदीकाठी ते आपोआप येतं. साधारण एप्रिलपासून फुलायला लागतं, म्हणजे १ मेला महाराष्ट्र दिन साजरा होतो तेव्हा हे झाड स्वतःच नटून उभं असतं. सहा पाकळ्या, चुरगळलेल्या रेशमासारख्या, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. लाकूड टिकाऊ, पूर्वी होड्यांना वापरायचे. सगळं खरं. पण हे झाड आहे, झुडूप नाही. गावात मोकळी जागा मिळाली तर तीस-चाळीस फुटांपर्यंत सहज जातं, जंगलात त्याहून उंच. आमच्या रस्त्यावर तारा वीस फुटांवर. म्हणजे रोप लावलं त्या दिवशीच त्याची करवत ठरली होती, फक्त तारीख ठरायची होती.

आणि ती तारीखही नेमकी कुठली पडली बघा. ताम्हणाचे तुरे नव्या फुटीच्या टोकाला येतात. हिवाळ्याच्या अखेरीस पानं तांबूस होऊन गळतात, मग नवी पालवी, मग तिच्या शेंड्याला फुलं. छाटणी जानेवारीत केली तर पुढची फूट फुलू तरी शकते. मे महिन्यात केली की त्या वर्षीची फुलं संपली. राज्यफूल आपण दरवर्षी अगदी मुहूर्त साधल्यासारखं फुलाच्या दिवसांतच तोडतो.

आता तुम्ही म्हणाल, मग तारेखाली काही लावायचंच नाही का? लावायचं. आणि त्याचं उत्तर मला पालिकेत नाही, आमच्या अंगणात मिळालं.

आमचं अंगण म्हणजे बारा बाय दहाची जागा. वडील गेल्यावर आईचा जीव घरात रमेना. ती म्हणाली, दारात ताम्हण लावू, तिच्या माहेरी विहिरीवर होतं. मी हो म्हणालो. पण नर्सरीतल्या म्हाताऱ्या माळीबाबांनी आधी विचारलं, "जागा किती? वर काय आहे? ऊन किती वेळ येतं?" आईनं सांगितलं. ते म्हणाले, "माई, ताम्हण नको. त्याची धाकटी बहीण घेऊन जा." आणि त्यांनी एक कमरेइतकं झुडूप पुढं केलं. गुलाबी, कडा झालरीसारख्या दुमडलेल्या. पिशवीवर खडूनं लिहिलेलं 'लेजर, गुलाबी'.

हे झुडूप तुमच्यापैकी अनेकांच्या दारात असेल. कुणी त्याला सावनी म्हणतं, कुणी चिनाई मेंदी, इंग्रजीत क्रेप मर्टल. क्रेपच्या चुरगळलेल्या कापडासारखी फुलं म्हणून ते नाव. शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया इंडिका. ताम्हण म्हणजे लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा. म्हणजे खरंच सख्खी बहीण. आपल्या डोंगरातला नाणा आणि रानातला बोंडाराही याच घराण्यातले. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५९ साली आपल्या लॅगरस्ट्रोम नावाच्या व्यापारी मित्राच्या नावानं या घराण्याचं बारसं केलं. नावात 'इंडिका' असलं तरी चीनमधल्या बागांत ते शेकडो वर्षं लावलं जातंय. तिकडे त्याला 'शंभर दिवस लाल' अशा अर्थाचं नाव आहे, आणि ते खोटं नाही. आमच्याकडे मे अखेरीस सुरू होतं ते गणपती होईपर्यंत थोडंथोडं फुलत राहतं.

त्या माळीबाबांनी आईला जे सांगितलं ते लिहून ठेवतो, कारण कुठल्याही पत्रिकेवर हे छापलेलं नसतं.

एक, रोप फुलात असताना घ्या. पांढरा, गुलाबी, लाल, जांभळा, रंग डोळ्यानं बघून. नर्सरीतल्या सांगण्यावर जाऊ नका.

दोन, पूर्ण वाढल्यावर उंची किती, हे विचारा. या झुडपाच्या बुटक्या जाती कुंडीत मावतात, मधल्या माणसाच्या उंचीच्या होतात आणि मोठ्या पंधरा-वीस फुटी लहान झाड होतात. 'नंतर छाटू' असं म्हणून मोठी जात लहान जागेत लावायची नाही. अमेरिकेच्या राजधानीतल्या राष्ट्रीय वृक्षउद्यानानं याच्या संकरित जाती काढल्या आणि त्यांना तिथल्या मूळ रहिवासी जमातींची नावं दिली. तिथं गिऱ्हाईक जातीचं नाव आणि उंची विचारून रोप नेतं. आपल्याकडे पिशवीवर 'लेजर, गुलाबी' एवढंच. म्हणून विचारायचं काम आपलं.

तीन, ऊन. दिवसाला किमान सहा तास. सावलीत लावलं की पानं येतात, फुलं रुसतात, आणि पावसाळ्यात पानांवर पीठ शिंपडल्यासारखी भुरी धरते. भुरीवर औषध शोधण्याआधी जागा बघा. भिंतीच्या कोपऱ्यात, वारा नाही अशा ठिकाणी लावलं असेल तर दोष झाडाचा नाही.

चार, पाणी साचू द्यायचं नाही. आमची माती काळी. दोन फुटी खड्डा, त्यात कुजलेलं शेणखत, थोडा मुरूम, आणि रोप जमिनीपेक्षा किंचित उंचावर. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा पोटभर पाणी. मूळ धरलं की हे झुडूप फार मागत नाही.

पाच, युरिया नको. आईनं शेजाऱ्यांचं ऐकून एकदा मूठभर टाकला. झाड हिरवंगार झालं, फुलं मात्र मोजून चार. वर कोवळ्या शेंड्यांवर मावा आला. मावा चिकट पाणी सोडतो, त्यावर काळी काजळी धरते, आणि लोकांना वाटतं झाडाला रोग लागला. नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बराचसा मावा जातो, उरलेल्याला निंबोळी अर्क.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. तो सांगितल्याशिवाय त्या शिडीवरच्या पोराला बोल लावायचा मला हक्क नाही.

झुडूप लावून तीन-चार वर्षं झाली होती. डोक्याच्या वर गेलं होतं. गावातल्या एका मंगल कार्यालयाच्या दारातली अशीच झाडं एका उंचीवर सरळ कापलेली मी पाहिली होती. नीटनेटकी वाटली. आई मावशीकडे गेलेली असताना एका रविवारी एका माणसाला बोलावलं आणि सांगितलं, "छातीइतकं ठेव, वरचं सगळं काढ." वीस मिनिटांत काम झालं. मनगटाएवढ्या फांद्या मधूनच कापल्या.

आई आली, दारातच थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "झाडाचा न्हावी झालास काय रे?" आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलली.

मला वाटलं फुटेल पुन्हा. फुटलं. पण कसं? प्रत्येक कापलेल्या टोकातून दहा-बारा लांबलचक काटक्या. त्यांच्या टोकाला फुलं आली, पण पहिल्या मोठ्या पावसात फुलांच्या ओझ्यानं त्या काटक्या वाकून चिखलाला टेकल्या. दोन मुळातून उपटल्यासारख्या तुटल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच कापलं असतं तर तिथं गाठ झाली असती, जशी रस्त्यावरच्या ताम्हणांना झालीये. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत घरोघरी हे झुडूप आहे आणि दर हिवाळ्यात लोक ते असंच मधून कापतात. तिथल्या बागकामवाल्यांनी या प्रकाराला चक्क 'क्रेप मर्डर' नाव ठेवलंय. म्हणजे खून. वाचलं तेव्हा हसू आलं, मग आईचा दारातला चेहरा आठवला.

ते झुडूप सुधारलं आईनं. जानेवारीच्या अखेरीस, पालवी फुटायच्या आधी, ती कात्री घेऊन बसली. प्रत्येक टोकावरच्या काटक्यांतल्या दोन-तीन धडधाकट ठेवल्या, बाकी मुळाशी काढल्या. पुढच्या वर्षी त्यातल्याही कमी केल्या. एकमेकींना घासणाऱ्या, आत वळणाऱ्या आणि बुडातून येणाऱ्या फुटी काढायच्या. बोटापेक्षा जाड फांदीला शक्यतो हात लावायचा नाही. कापायचं ते सांध्यापाशी, मध्येच खुंट ठेवायचा नाही. तिसऱ्या वर्षी झाड पुन्हा झाडासारखं दिसायला लागलं. आज त्याची गुळगुळीत, साल सोललेली खोडं हात फिरवावा अशी झालीत. माझं वीस मिनिटांचं काम निस्तरायला आईला तीन हिवाळे लागले.

हे सगळं आज का लिहितोय? कारण ५ जून आलाय. रुंदीकरण झालेल्या रस्त्याच्या कडेला यंदा पुन्हा ताम्हण लावायचं ठरतंय. काल मी कार्यालयात जाऊन विचारलं, "कुठल्या बाजूला?" उत्तर मिळालं, "दोन्ही." मी म्हटलं, "पूर्वेच्या बाजूला तारा आहेत." साहेब म्हणाले, "पत्रकार साहेब, राज्यफूल आहे, त्याला कोण नाही म्हणणार?"

नाही कुणीच म्हणत नाही. मीही म्हणत नाही. मी एवढंच म्हणतोय की पश्चिमेच्या बाजूला, शाळेच्या पटांगणात, स्मशानभूमीच्या आवारात, ओढ्याच्या काठाला ताम्हणच लावा, जिथं त्याला हातपाय पसरता येतील. इमारतीपासून आणि गटारापासून दूर, दोन झाडांत अंतर ठेवून. आणि तारांच्या बाजूला त्याची धाकटी बहीण लावा, मधल्या उंचीची, जिला करवत लागणारच नाही. फुलं दोन्हीकडे दिसतील. एकीकडे उन्हाळ्यात, दुसरीकडे पावसाळ्यात. खर्च तेवढाच.

आपल्याकडे झाडांसाठी कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आहे, परवानगीशिवाय झाड तोडायला मनाई आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जाही दिला. पण कायदा झाड तोडताना विचारतो. लावताना 'इथं हेच का?' असं विचारणारा कुणी लागतो. नर्सरीतल्या त्या माळीबाबांनी आईला तीन प्रश्न विचारले म्हणून आमचं झाड जगलं. २०१३ साली ते प्रश्न विचारायचं काम माझं होतं. मी पाहुण्यांची नावं बरोबर आहेत ना एवढंच तपासलं.

म्हणून यंदा काही गोष्टी करतोय आणि त्या इथं सगळ्यांसमोर सांगतोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही. तारांच्या बाजूला ताम्हण लावू नये, असं लेखी निवेदन सोमवारी देणार आहे. ज्यांना सही करायची ते अकरा वाजता पालिकेच्या दारात भेटा. तारांखालच्या सहा झाडांची छाटणी मे ऐवजी जानेवारीत, आणि सरसकट मान न कापता तारेकडच्या फांद्या मुळाशी काढून करावी, अशी वीजवाल्यांना विनंती करणार आहे. त्या शिडीवरच्या पोराशी बोललो. तो म्हणाला, "वरून तसं सांगितलं तर आमचंही काम कमी होईल, दादा." आणि कार्यक्रमाच्या दिवशी बातमी करायला जाईन तेव्हा आधी मान वर करून बघेन.

ज्यांच्या दारात हे गुलाबी झुडूप आहे त्यांनी सध्या एकच करा. फुलं सुकून हिरव्या गोंड्या दिसायला लागल्या की तो तुरा खुडून टाका, पुन्हा बहर येतो. आणि जानेवारीपर्यंत कुणाच्याही हातात करवत देऊ नका. रोप हवं असेल तर पावसाळ्यात आमच्याकडून पेन्सिलीएवढी काडी घेऊन जा, ओल्या मातीत लागते. आईनं गेल्या दोन पावसाळ्यांत गल्लीत पाच घरी दिलीत.

गावातलं एक ताम्हण मात्र मनासारखं वाढलंय. शाळेच्या मागच्या बाजूला, मैदानाच्या कडेला. त्याच २०१३ च्या एकवीसमधलं. डोक्यावर तार नाही, बाजूला भिंत नाही, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. काल संध्याकाळी आईला गाडीवर बसवून तिथं घेऊन गेलो. तिनं मान मागं टाकून शेंड्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आमच्या विहिरीवर अस्संच होतं."

पुढच्या १ मेला त्याच झाडाचा फोटो टाकीन, आणि सोबत यंदा लावलेल्या प्रत्येक रोपाचा हिशोब. किती जगली, किती गेली, का गेली. बारा वर्षं उशिरा का होईना, फॉलोअप.